गालातलं पाणी

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला
नेरूळच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
मी टेबलाच्या कडेला बसते, पितळी घंटी घेऊन.
बोलणारा 'अं' म्हणाला की टिंग.
'म्हणजे' म्हणाला की टिंग.
'खरं सांगायचं तर'ला दोनदा.
वक्तृत्व मंडळातलं हे सगळ्यात सोपं काम
मी अकरा महिने
फार मन लावून केलं.

जयवंती मढवी उभी राहिली
की घंटीला उसंत नसे.
चिठ्ठीवर लिहून आणलेली पुस्तकी वाक्यं
तिच्या तोंडात पाहुण्यांसारखी अवघडून बसत.
'पाणी'तला 'ण' गाठायला ती जरा थांबे,
आणि त्या थांबण्यात 'अं'.
एका गुरुवारी सव्वीस.
मी आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवला.
ती हसली.
पुढचे दोन गुरुवार आली नाही.

फिरायला जायची टूम हेरंबची.
रविवारी सकाळी, करावे गावामागचा बांध,
ओहोटीची वेळ बघून.
"भाषणबिषण काही नाही, नुसतं चालू."
जयवंतीही आली,
तिचं घर तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून.

पाणी उतरलेलं. चिखल उघडा, चकचकीत.
पलीकडे रोहित पक्षी माना उलट्या घालून
जेवणात गढलेले. आमच्याकडे एकाचंही लक्ष नाही.
"असेही श्रोते भेटतात," शिरसाट म्हणाले.
टिटवी मात्र ओरडतच उठली,
प्रास्ताविक नाही, आभार नाहीत, थेट मुद्दा.
मी मनातल्या मनात तिला गुण देत होते.
सवय जात नाही.
तिवरांची मुळं चिखलातून बोटबोटभर वर आलेली,
श्वास घ्यायला.
भाषणातला विरामही असाच असावा, वगैरे
मी बोलणार,
तेवढ्यात पायाशी काहीतरी उडालं.

"निवटी," जयवंती म्हणाली.
"मासाच हाय. चालते बघा कशी."

बोटाएवढा मासा, डोळे थेट टाळूवर,
पुढच्या परांवर रेटत
उन्हातल्या चिखलावरून स्वतःला ओढत चाललेला.
माईकसमोर गांगरलेल्या माणसाला आपण म्हणतो,
पाण्याबाहेर काढलेला मासा.
हा तर आपणहून आला होता.

"मरत नाही?" कोणीतरी विचारलं.
"नाय. गालान पानी भरून घेते. घरचा पानी.
ता हाय तवर भायेर फिरते.
सपला का बिलान जाते, भरते, परत येते."

आणि मग ती बोलतच राहिली.
बापसाचं मिठागर, जिथे आता बारा मजले उभे आहेत.
मीठ ओढून ओढून आयशीच्या टाचांना पडलेल्या चिरा.
अमावस्येला खाडी कशी उंबरा विचारायला येते.
आणि चिखलात पाय रुतला
तर उपटायचा नाही घाईने,
आधी टाच सैल सोडायची.
मध्येच रोहितांचा थवा उठला,
सगळं आभाळ गुलाबी फडफडलं.
ती थांबली. त्यांना जाऊ दिलं. मग पुढे.
शिरसाटांनी घड्याळ पाहिलं नाही.

घरी चिखलाच्या चपला धुताना लक्षात आलं,
तिचा एकही 'अं' मला आठवत नव्हता.
असतील की.
मी मोजायला विसरले होते.

गुरुवारी ती आली. हातात चिठ्ठी नव्हती.
समोर उभी राहिली आणि गप्प.
तिचे गाल किंचित फुगलेले दिसले मला,
किंवा तसं वाटलं.
मग म्हणाली, "आमचे गावान..."

घंटी अजून आहे, पिशवीच्या तळाशी,
रुमालात गुंडाळलेली.
आणि तुम्ही, शेवटच्या रांगेतले,
गेले तीन गुरुवार
'पुढच्या वेळी बोलतो' म्हणणारे,
या रविवारी ओहोटी पावणेसातला आहे.
जुन्या चपला घालून या.